प्लायवूडच्या अलीकडे

कर्णामावशींच्या घरातलं मीठ संपलं की आमच्या अख्ख्या इमारतीला कळतं. त्या कुणाकडे मागत नाहीत. डब्याचं झाकण उघडून स्वतःशीच म्हणतात, "अगबाई, मीठ संपलं की!" तेवढ्यानं तळमजल्यावरची शिंपीणबाई वाटी घेऊन जिना चढायला लागते आणि गच्चीवर कपडे वाळत घालणारी कुणाची तरी सून वाटी घेऊन जिना उतरायला लागते. एकदा त्या दोघी मावशींच्या दारात एकमेकींवर आदळल्या आणि सगळं मीठ उंबऱ्यात सांडलं. मावशींनी ते केरसुणीनं गोळा करता करता "बघा, मागितलं नसताना किती आलं!" असं म्हटलं, तेही समोरच्या इमारतीत ऐकू गेलं.

'कर्णा' हे त्यांचं नाव नव्हे. सभेच्या मैदानात खांबाला बांधतात तो कर्णा. हे बारसं त्यांच्या नवऱ्यानंच केलं. काका बस दुरुस्तीच्या कारखान्यात जन्मभर इंजिनांच्या संगतीत राहिले आणि त्यांच्या डाव्या कानाला आता कमी ऐकू येतं. दोष इंजिनांचा की संसाराचा, यावर इमारतीत दोन तट आहेत. काका स्वतः तटस्थ. "बहिरा कान हिच्या बाजूला ठेवून झोपतो, म्हणून संसार टिकला," एवढीच त्यांची साक्ष.

असा आवाज लाभलेल्या बाईनं काय करावं? भाजी विकावी, शाळेत कवायत घ्यावी, धुक्यात किनाऱ्यावर उभं राहून जहाजांना वाट दाखवावी. मावशींनी नोकरी धरली ती नेमकी अशा जागी, जिथे प्रत्येक गोष्ट कुजबुजून सांगायची असते. बायकांच्या दवाखान्यात.

हा दवाखाना चष्म्याच्या दुकानाच्या वर होता. लाकडी जिना, वर दोन खोल्या, एक मोरी आणि एक पंखा, जो फिरण्यापेक्षा तक्रार जास्त करायचा. जागा डॉक्टरीणबाईंनी विचार करून घेतली होती. इथे येणाऱ्या बाईला घरी सांगता येई, "डोळ्यांचा नंबर तपासून येते." आपल्या शहरात इतक्या बायकांची नजर इतकी अधू कशी, हा प्रश्न एवढ्या वर्षांत एकाही नवऱ्याला पडला नाही. नवरेमंडळींच्या चौकसपणाबद्दल मला जी काही कल्पना आहे ती याच्यावरून आहे.

बायका तिथे कशासाठी येत? मूल हवं म्हणून येत, नको म्हणून येत, आता नको पण पुढे हवं म्हणून येत. गोळ्या न्यायला येत, तांबी बसवून घ्यायला येत. दिवस राहिलेत आणि ठेवायचे नाहीत, हे ज्यांनी रडून रडून ठरवलेलं असे त्या येत. आणि ज्यांनी न रडताच ठरवलेलं असे त्याही येत. लग्न ठरलेल्या मुली येत आणि त्यांना आपल्याच शरीराची ओळख तिथे पहिल्यांदा होई. डॉक्टरीणबाई कुणाला 'का' असं विचारत नसत. "तुमचं काय ठरलंय?" असं विचारत. अनेकींना हा प्रश्न आयुष्यात त्याआधी कुणी विचारलेलाच नव्हता, त्यामुळे उत्तराला वेळ लागे.

अडचण होती ती प्लायवूडची. दोन खोल्यांमध्ये भिंत नव्हती, प्लायवूड होतं. आत बाईनं सुस्कारा सोडला तरी बाहेर बाकावरच्या बायकांना कळे की सुस्कारा होता, जांभई नव्हे.

मावशी तिथे पहिल्यांदा गेल्या त्या नोकरीसाठी नव्हे. तिसऱ्या बाळंतपणानंतर, "आता पुरे" हे सांगायला. बाकावर बसल्या होत्या. आत एक मुलगी होती, तिनं सांगायला सुरुवात केली आणि बाहेर शब्दन् शब्द ऐकू यायला लागला. बाकावरच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यातली एक त्या मुलीच्या गल्लीतलीच असावी. ती मान खाली घालूनही कान वर करून बसली होती. मावशींनी तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं, "काय हो, फ्लॉवरचा भाव ऐकलात का?"

फ्लॉवरवरून त्या टोमॅटोवर गेल्या, टोमॅटोवरून वांग्यांवर, वांग्यांवरून नवऱ्यावर. आतली मुलगी बाहेर येऊन जिना उतरून जाईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. कान वर केलेल्या बाईच्या पदरात त्या दिवशी भाज्यांखेरीज काही पडलं नाही. मावशींची पाळी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तपासायच्या आधी विचारलं, "उद्यापासून येता का?"

अशी ती नोकरी. कागदोपत्री त्या 'मदतनीस' होत्या. खरं काम एकच: आत कुणी बोलायला लागलं की बाहेर बोलायचं. डॉक्टरीणबाई त्याला 'आमची भिंत' म्हणत. हळूहळू मावशींना इतका सराव झाला की आतल्या खुर्चीचा पाय फरशीवर घासला, की इकडे त्यांचं तोंड आपोआप उघडे. बाई खुर्ची पुढे ओढते ती सांगायला लागतानाच, हे त्यांना कळून चुकलं होतं. घरी काकांनी जेवताना खुर्ची ओढली तरी त्या भाव सांगायला लागत. काकांचं म्हणणं, या घरात भाजी महाग झाली नाही असा एकही घास त्यांनी खाल्लेला नाही.

त्यांचे नियमही होते. बाकावरच्या बाईला नावानं हाक मारायची नाही. हातात, अंगावर जे असेल त्यावरून हाक. "छत्री, आत या." "निळी पिशवी, थोडं थांबा हं." "दोन वेण्या, पाणी हवंय का?" एकीच्या हातात काहीच नव्हतं, तिला त्यांनी 'खोकला' म्हटलं, आणि ती बिचारी पुढच्या खेपेला खोकला बरा झालेला असूनही ओळख पटावी म्हणून दारातच खोकली.

आणि शेवटचा नियम, जो त्या प्रत्येकीला जिन्याच्या तोंडाशी सांगत: "रस्त्यात भेटलात तर मी तुम्हाला ओळखत नाही. राग मानायचा नाही." हा त्यांनी इतका कडक पाळला की एकदा त्यांची सख्खी नणंद गोळ्या घेऊन गेली आणि पुढच्याच आठवड्यात एका लग्नात समोर आली, तर मावशींनी तिला हसून विचारलं, "आपण मुलाकडच्या की मुलीकडच्या?" काकांना वाटलं, बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला. नणंदेला मात्र तेव्हापासून भावजय देवमाणूस वाटायला लागली. नणंद-भावजयीच्या इतिहासात असं दुसरं उदाहरण असेल तर मला कळवावं.

एवढ्या बोलक्या बाईनं स्वतःबद्दल मात्र एकदाच सांगितलं, जिन्यात वाटाणे सोलताना. त्यांना एक थोरली बहीण होती. लग्नाआधीच तिला दिवस गेले आणि घरच्यांनी तिला मागच्या गल्लीतल्या कुठल्याशा बाईकडे नेलं. परत आणली ती ताप घेऊन. डॉक्टर बोलवावा तर शेजारीपाजारी विचारतील, म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या. लहानांना ताकीद दिली: आवाज करायचा नाही.

"घरात सगळे इतकं हळू बोलत होते," मावशी म्हणाल्या, "की ताई सकाळी गेली ते मला दुपारी कळलं."

मग त्यांनी एक शेंग उघडली, ती किडकी निघाली, ती बाजूला टाकली. "तेव्हापासून मला काही हळू बोलायला जमत नाही बघा," असं म्हणाल्या, तेही अर्थातच सगळ्या जिन्यानं ऐकलं.

असं सगळं चाललं होतं, तोवर 'घर वाचवा' आघाडी निवडून आली. नगरपालिकेच्या गादीवर जे गृहस्थ बसले ते पूर्वी फर्निचरचे व्यापारी होते, म्हणून आम्ही त्यांना सोफासाहेब म्हणतो. जन्मभर लोकांना घरात बसायची सोय विकली. आता बायकांनी घरातच बसावं हा त्यांचा कार्यक्रम होता. माणूस गोड. सभेत 'मातृशक्ती' म्हणताना त्यांचा गळा दाटून यायचा. मातेनं स्वतःचं काही ठरवलं की मात्र तो लगेच मोकळा व्हायचा.

मग चष्म्याच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर बायका फलक घेऊन उभ्या राहायला लागल्या. फलकांवर गुटगुटीत बाळांची चित्रं. शहरातलं एकही खरं बाळ एवढं गुटगुटीत मी पाहिलेलं नाही, पण ते असो. वर येणाऱ्या बाईचा रस्ता त्या अडवत नसत, फक्त तिच्याकडे बघत. बघणं पुरेसं असतं. बाकावरची गर्दी ओसरायला लागली. चष्मेवाल्याचा धंदा मात्र वाढला. उभ्या उभ्या कंटाळलेल्या फलकवाल्या आत येऊन नंबर तपासून घेत.

मावशींनी त्यांच्यासाठी खाली पाण्याचा जग आणि दोन स्टुलं नेऊन ठेवली. डॉक्टरीणबाई चिडल्या, तर म्हणाल्या, "उन्हात उभ्या आहेत हो. आपल्याच बायका." यातली सगळ्यात मोठ्यानं घोषणा देणारी जी होती, ती एका दुपारी बाकीच्या जेवायला गेल्यावर जिना चढून वर आली. सुनेला तिसऱ्यांदा दिवस राहिले होते, दुसऱ्या बाळंतपणातच ती मरता मरता वाचली होती, आता काय करावं, असं तिनं दारातच उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. मावशींनी तिला थांबवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "फलक, आत या. पण ते चित्र बाहेर ठेवा, आत जागा कमी आहे." आणि ती आत गेल्यावर नेहमीसारखंच, तितक्याच इमानानं, बाहेर भाव सांगत बसल्या. दुसऱ्या दिवशी 'फलक' खाली आपल्या जागेवर हजर. घोषणा आणखी मोठी. मावशींनी पाण्याचा जग भरून नेला आणि तिच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं.

नवे नियम आले. लग्न न झालेलीनं पालकाला आणावं, झालेलीनं नवऱ्याला. काही नवरे आले, बाकावर पाय हलवत बसले. मावशी त्यांनाही सोडत नसत: "टक्कल, आपल्या मिसेस झाल्या, जा आता." पण ज्या बायकांना खरी गरज होती त्या नेमक्या नवऱ्याला सांगता येत नाही म्हणूनच येणाऱ्या होत्या. त्या यायच्या बंद झाल्या. कुठे गेल्या ते कुणाला कळलं नाही. मावशींना ठाऊक होतं की मागच्या गल्ल्या अजून आहेत.

शेवटी दवाखान्याच्या परवान्याची मुदत संपली आणि नगरपालिकेनं जाहीर सुनावणी ठेवली: परवाना पुढे चालू ठेवायचा की दवाखाना बंद करायचा. डॉक्टरीणबाईंच्या वकिलानं स्पष्ट सांगितलं, तुम्ही कितीही बोला, त्यांनी ठरवलेलं आहे. एकच आशा आहे. जिला या जागेचा आधार झाला अशी एखादी बाई सगळ्यांसमोर उभी राहून बोलली, तर वर अपील करायला तरी जागा राहील. एकही बोलली नाही, तर सगळं संपलं.

डॉक्टरीणबाई मावशींकडे आल्या. आमच्या इमारतीत त्या पहिल्यांदाच येत होत्या, त्यामुळे जिन्यातल्या सगळ्या दारांना एकदम फटी पडल्या.

"मावशी, चेहरे तुम्हाला ठाऊक आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरोघरी जाऊन सांगितलंत तर येतील."

"मी कुणालाच ओळखत नाही, डॉक्टरीणबाई."

"निदान ती फलकवाली. ती त्यांच्या बाजूनं साक्ष देणार आहे. तुमचा एक शब्द पुरे आहे."

"ती फलक म्हणून आत आली, फलक म्हणून बाहेर गेली. तिच्या सुनेनं काय घोडं मारलंय?"

काकांनी खुर्ची जरा मागे सरकवली, मावशींनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

तोडगा मावशींनीच काढला. त्या बाजारात गेल्या आणि भाजीवाल्याशी बोलायला लागल्या. बोलणं भाजीवाल्याशी, ऐकणं साऱ्या बाजाराचं. "काय हो, गुरुवारी नगरपालिकेत सुनावणी आहे म्हणे, त्या चष्म्यावरच्या दवाखान्याची. ज्या बाईला वाटेल तिनं यावं म्हणतात. बोललं नाही तरी चालेल, नुसतं बसावं." भाजीवाला म्हणाला, मला कशाला सांगता? मावशींनी त्याला अर्धा किलो फरसबी मागितली आणि पुढच्या गाळ्यावर जाऊन पुन्हा तेच सांगितलं. घरी त्या दिवशी फरसबीचा डोंगर झाला. कुणालाही न ओळखता सगळ्यांना निरोप द्यायची ही रीत त्यांच्याखेरीज कुणाला सुचली नसती.

आणि बायका आल्या. मी सुनावणीला गेलो होतो, मी पाहिल्या. सभागृह भरलं. छत्र्या, पिशव्या, वेण्या, चष्मे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, पण सगळ्या आल्या होत्या. मावशी मागच्या भिंतीशी उभ्या होत्या आणि छताकडे बघत होत्या, कारण खाली कुठेही पाहिलं तरी कुणीतरी ओळखीचं होतं. त्यांचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता. छताकडे बघून कुणी इतकं आनंदी होत असेल, तर ते फक्त रंगारी आणि त्या दिवशी मावशी.

आधी 'फलक' बोलली. संस्कृती, घर, गुटगुटीत बाळ. चांगलं बोलली. मग डॉक्टरीणबाई बोलल्या. त्यांच्या सांगण्यात आकडे होते, आकड्यांना सभागृहात कुणी टाळ्या वाजवत नाही. मग सोफासाहेब हात जोडून गोड हसले. म्हणाले, एवढी मोठी सेवा, इतकी वर्षं. मग आमच्या भगिनींपैकी एकीलाही दोन शब्द का सांगावेसे वाटत नाहीत? आहे का इथे कुणी, जी त्या जिन्यानं वर गेली होती?

सगळ्या आपापल्या मांडीकडे बघत होत्या. पिशव्यांचे बंद बोटाला गुंडाळत होत्या.

आणि मधल्या रांगेत खुर्चीचा पाय फरशीवर घासला.

एक बाई उभी राहिली. काटकुळी, काळी छत्री दोन्ही हातांत काठीसारखी धरलेली. तिचा आवाज आमच्यापर्यंत जेमतेम पोचला.

"मी गेले होते," ती म्हणाली. "मला तेव्हा माझ्या नवऱ्यानं…"

"काय हो, फ्लॉवरचा भाव ऐकलात का?"

सगळं सभागृह मागे वळलं. मावशी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज सुटला होता. फ्लॉवर, टोमॅटो, वांगी. छत्री अजून काहीतरी सांगत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. मावशींचे डोळे विस्फारले होते, आपण काय करतोय हे त्यांना दिसत असावं, पण घाटात ब्रेक गेलेल्या बसच्या ड्रायव्हरला जसं दिसतं तसं. लोक हसायला लागले. आधी मागचे, मग सगळे. दोन शिपाई आले, त्यांनी मावशींना दंडाला धरून दाराकडे नेलं, तेव्हा त्या फरसबीवर होत्या. सोफासाहेबांनी हसू आवरायचा मोठेपणा दाखवला आणि म्हणाले, "ही यांची शिस्त. आणि यांच्या हाती आपल्या लेकीबाळी."

हशा ओसरला तेव्हा छत्री खाली बसलेली होती. थोड्या वेळानं ती उठून गेली. दुसरी कुणी उभी राहिली नाही. कोण राहील? निकाल त्याच संध्याकाळी लागला. परवाना नामंजूर.

बाहेर पायऱ्यांवर मावशी बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्या ओरडल्या नाहीत.

"तिची सासू तिसऱ्या रांगेत होती," मावशी म्हणाल्या. इतक्या हळू, की मला पुढे वाकावं लागलं. "मी पाहिलं होतं. खुर्ची वाजली आणि…"

"तिलाही ठाऊक होतं, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सासूला बघूनच ती उभी राहिली होती."

दवाखाना बंद झाला. चष्मेवाल्यानं वरच्या दोन्ही खोल्या भाड्यानं घेतल्या. प्लायवूड त्यानं काढलं नाही. त्याच्यावर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता टांगला. फलकवाल्या बायका आता तिथे उभ्या राहत नाहीत, त्यामुळे स्टुलं मावशींनी परत आणली. दुसऱ्या शहरात असाच एक दवाखाना होता, तिथेही नवऱ्याला आणायचा तोच नियम लागला. डॉक्टरीणबाई काही दिवस अपिलासाठी फिरल्या. वकील म्हणाला, साक्षच नाही तर कशावर लढू?

आणि आमच्या इमारतीत शांतता झाली. ही शांतता काय असते ते आम्हाला माहीतच नव्हतं. पंप चालू केल्याचा आवाज येतो, वरच्या मजल्यावर बाळ रडतं तेही कळतं, हे शोध आम्हाला त्या दिवसांत लागले. शिंपीणबाई दर आठवड्याला वाटीभर मीठ घेऊन मावशींच्या दारात जाऊन विचारायची, "संपलंय का हो?" आणि मावशी मान हलवून नाही म्हणायच्या. काकांनी आपला चांगला कान बायकोच्या बाजूला ठेवून झोपायला सुरुवात केली. "काही ऐकू येत नाही," ते मला म्हणाले. थट्टा करत असावेत असं वाटून मी हसलो, पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

एकदा बाजारात मी मावशींची पिशवी धरून चाललो होतो. समोरून काळी छत्री आली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, छत्री मिटलेलीच होती. ती थांबली. तिच्या गालावर पिवळट डाग होता, जुना होत चाललेला.

"मावशी," ती म्हणाली, "ते वाक्य मी किती दिवस आरशासमोर पाठ केलं होतं. एकदाच म्हणायचं होतं. मला का म्हणू दिलं नाहीत?"

मावशींनी तोंड उघडलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही; त्यांच्या डोळ्यांत बरंच काही होतं. पण इतक्या वर्षांत त्या तोंडाला रस्त्यात एकच गोष्ट शिकवलेली होती.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या, "आपली ओळख नाही."

छत्रीनं मान हलवली. "खरंय. नाहीच," म्हणाली आणि वळून गेली.

मावशींना घेऊन मी घरी आलो. जिन्यात अर्ध्यावर थांबून, कठड्याला धरून म्हणाल्या, "ताईच्या वेळी सगळं घर गप्प होतं. आता एक बोलायला उठली होती." पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही. मीही पिशवी दारात ठेवली आणि खाली आलो.

आणि मग एका दुपारी, मी नुकताच लवंडलो होतो, तर वरून आवाज आला.

"काय हो, फ्लॉवरचा भाव ऐकलात का?"

तोच आवाज. भांड्यांना कापरं भरवणारा, अस्सल. मी ताडकन उठलो. खाली शिंपीणबाईचं मशीन थांबलं. कुणीतरी जिन्यात "मावशी बोलल्या!" म्हणालं, गच्चीवरून चपला वाजल्या. शिंपीणबाई हातात मिठाची वाटी घेऊन माझ्या पुढून दोन-दोन पायऱ्या चढत गेली. गुडघेदुखीची तक्रार तिनं त्या सकाळीच माझ्याकडे केली होती. सगळ्यांच्या तोंडावर हसू. आज मावशींच्या दारात मिठाचा ढीग पडणार होता.

दार बंद होतं. बाहेरच्या पायरीवर काका बसले होते. त्यांनी हात आडवा केला.

"आत जाऊ नका. एक मुलगी आलीय."

"कोण मुलगी?" शिंपीणबाईनं विचारलं.

"कुणास ठाऊक. हिरवी पिशवी आहे हातात. दवाखाना शोधत होती, चष्मेवाल्यानं इकडे पाठवली." काका माझ्याकडे बघून म्हणाले, "मागच्या गल्लीतल्या कुणा बाईकडून आलीय. उशीर झालाय म्हणते ही."

मी विचारलं, डॉक्टरीणबाईंना निरोप दिला का? काका म्हणाले, त्या गेल्या आठवड्यातच शहर सोडून गेल्या. मी म्हटलं, मग मोठ्या इस्पितळात न्या. काका म्हणाले, ही सांगून थकली. मुलगी तयार नाही. तिथे आधी नाव विचारतात, मग पोलिसांना कळवतात. नवा नियम.

"मग आत तिला कोण बघतंय?"

"कोणी नाही," काका म्हणाले. "ही आहे."

आत आवाज टोमॅटोवर आला होता. मग वांगी झाली, फरसबी झाली. मध्ये मावशी श्वास घ्यायला थांबल्या, आणि तेवढ्या फटीतून ते ऐकू आलं. रडणं म्हणावं तर त्याच्या पलीकडचं काहीतरी, दातांत कापड धरून दाबलेलं. वरच्या मजल्यावर एक दार उघडलं आणि कुणीतरी खाली वाकून विचारलं, काय झालं हो, कोण आहे?

मावशींनी पुन्हा सुरुवात केली, पण त्यांच्या भाज्या संपत आल्या होत्या. आवाज चिरकला. त्या परत फ्लॉवरवर गेल्या, थांबल्या.

शिंपीणबाई हातातल्या मिठाकडे बघत उभी होती. मग ती पायरीवर काकांच्या शेजारी बसली, वाटी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे तोंड करून, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय हो, बटाटे काय भावानं आणलेत तुम्ही?"

बटाटे मी कित्येक दिवसांत आणले नव्हते. मी भाव सांगितला, जमेल तितक्या मोठ्यानं.